जुन्या मारुती ८०० खाली तेलाचा डाग : गेअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

सकाळी गाडी बाहेर काढली की फरशीवर रुपयाएवढा तपकिरी-काळा डाग दिसतो. पुसून टाकला तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास येतो, कधी बारीक धूरही येतो. डिपस्टिकवरचं तेल महिन्याभरात वरच्या खुणेवरून खालच्या खुणेशी येतं. घाटात वळण घेताना डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा क्षणभर लागतो. काही गाड्यांत क्लच घसरायला लागतो, म्हणजे रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी उचलत नाही.

लाल दिवा लागून राहिला असेल तर बाकीचं नंतर वाचा. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'घर जवळच आहे, पोचू' असं म्हणू नका. तेलाचा दाब नसताना बेअरिंगं कोरडी घासतात आणि काही मिनिटांत इंजिन कायमचं खराब होऊ शकतं. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात आमचा दिवा असाच लुकलुकला होता. बाबांनी तिथल्या तिथं गाडी थांबवली. डिपस्टिक बाहेर काढली तर टोकाला जेमतेम ओल. गावातून तेल आणून ओतलं, मग पुढं निघालो. तेव्हा गाडी थांबवली म्हणून तेच इंजिन आजही चालतंय.

ही गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. बाबांनी घेतली, आता मी चालवते. इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या गल्लीत अजून दोन-तीन जुन्या गाड्या आहेत, एक झेन, एक एस्टीम. तेल गळायला लागलं की मंडळी मला हाक मारतात. इतक्या वर्षांत ही गळती मी बऱ्याच वेळा शोधली आहे. कारण दर वेळी वेगळं निघालं, पण लोकांची चूक मात्र एकच असते. डाग जिथं पडलाय त्याच्या बरोबर वर बघायचं, आणि जे ओलं दिसेल त्याला दोष द्यायचा.

तेल तसं पडत नाही. ते वरच्या सांध्यातून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं ढकललं जातं, आणि सगळ्यात खालचा कोपरा सापडला की तिथून थेंब सोडतं. इंजिन आणि गेअरबॉक्स जिथं जोडले जातात तो भाग असाच एक कोपरा आहे. तिथं ओलं दिसलं की गॅरेजवाला वाकून बघतो आणि म्हणतो, "पीछे की सील गई है, गेअरबॉक्स उतारना पड़ेगा." आमच्या शेजारच्या काकांच्या ८०० चं हेच झालं. गेअरबॉक्स उतरला, मागची सील (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं रबरी कडं) बदलली, 'आता उघडलंच आहे तर' म्हणून क्लच प्लेटही बदलली. पंधरा दिवसांत डाग परत आला. काकू मला म्हणाल्या, "तू एकदा बघ गं, यांना आता झोप लागत नाही." गळत होती डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची, ओ-रिंग. लहान बाळाच्या बांगडीएवढं एक रबरी कडं, उन्हात पडलेल्या बांगडीसारखंच कडक झालेलं. ती जागा गेअरबॉक्सच्या वरच आहे, तेल तिथून खाली उतरत होतं. काकांनी जे पैसे घातले त्याची हळहळ मला अजून वाटते. म्हणून पुढचा क्रम मी फार आग्रहानं सांगते : स्वस्त आणि वरचं आधी, महाग आणि खालचं शेवटी.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना?

खर्च शून्य. खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवा. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा त्यावर पेननं आखा, म्हणजे सकाळी डाग नेमका कुठल्या बाजूला पडला ते कळेल. मग डाग बोटावर घ्या.

इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं असतं, बोटांत सुळसुळतं, वास जळकट. गेअर ऑइल त्याहून दाट, मधासारखं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा नाकाशी गेला की विसरत नाही. कूलंट हिरवं किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, ते गळायलाच हवं. फिकट, पातळ आणि रंगाला लागलं की रंग सोलवटणारं द्रव्य चाकाजवळ किंवा क्लच-ब्रेकच्या पेडलाखाली दिसलं तर ते ब्रेक ऑइल आहे. मग गाडी चालवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

ही परीक्षा वगळू नका. गेअर ऑइल गळत असताना इंजिनाचं पॅकिंग (सांध्यात तेल अडवायला बसवतात ती पट्टी) बदललेली गाडी मी पाहिली आहे.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक पुसा, परत घाला, मग वाचा. तेल कमी असेल तर खालच्या खुणेच्या वर येईल इतकं घालून मगच तपास सुरू करा.

पण जास्तही नको. सर्व्हिसिंगमध्ये डबा पूर्ण ओतून टाकला की तेल वरच्या खुणेच्या पुढं जातं. मग क्रँक त्या तेलात आपटतो, फेस होतो, आणि जुन्या सीलांतून तेल वाट काढतं. जास्तीचं तेल काढून टाकलं आणि गळती थांबली, असंही झालेलं आहे.

तेलाचा वासही घ्या. तेल न घालताच पातळी वाढतेय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर कार्बोरेटरवाल्या गाडीत यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. त्यातून पेट्रोल तेलात उतरतं. असं पातळ झालेलं तेल सगळीकडून झिरपतं आणि बेअरिंगांचं संरक्षणही करत नाही. पंप आणि तेल दोन्ही बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी शिरतंय. तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा (ब्लॉक) यांच्यामधल्या पॅकिंगचा विषय, थेट मेकॅनिककडे.

धुवा, वाळवा, पावडर लावा

सगळ्या तपासातली ही खरी महत्त्वाची पायरी. लोक तीच टाळतात, कारण एक सकाळ जाते.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. डिग्रीझर फवारून जुन्या रंगाच्या ब्रशनं घासा, कोपऱ्यांसाठी दातांचा जुना ब्रश. बेल्टांवर काही उडू देऊ नका. पेट्रोलनं कधीही धुऊ नका, एक ठिणगी पुरते. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्यानंही नको, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं की गाडी सुरूच होत नाही. शेवटी कापडानं पुसा आणि तासभर बॉनेट उघडं ठेवा. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात अर्धा तास पुरतो.

आता अंगाला लावतो ती साधी टाल्कम पावडर घ्या आणि संशयाच्या जागांवर पातळ थर पसरा : टॅपेट कव्हरची (इंजिनावरच्या झाकणाची) कड, डिस्ट्रिब्युटरचा बुंधा, पेट्रोल पंपाचा सांधा, तेलाच्या दाबाचा स्विच, तेलाच्या फिल्टरची मान, चेंबरची (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची) कड. बेल्टांजवळ पावडर नको. मग गाडी चालवून आणा. मी राऊपर्यंत जाऊन येते, तेवढ्यात इंजिन पूर्ण तापतं. नुसतं उभ्या-उभ्या चालू ठेवलं तर काही गळत्या दिसतच नाहीत, कारण त्यांना वेग आणि चढाचा भार लागतो.

परत आल्यावर इंजिन बंद करा, टॉर्च घ्या आणि वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळपट रेघ उठलेली असते. रेघेचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. खालचं सगळं ओघळ. फोनवर फोटो काढून ठेवा. पहिल्या फेरीत काही दिसलं नाही तर तीन-चार दिवस वापरून पुन्हा बघा. मंद गळतीला वेळ लागतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

सिग्नलला जळका वास येत असेल तर पहिला संशय इथं. कव्हराच्या कडेनं निघालेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडतं आणि जळतं. वास नुसता येत असेल तर आठवड्याभरात दुरुस्त करा. धूर दिसत असेल तर वाट बघू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पेट घेऊ शकतं.

आधी तेल घालायच्या झाकणाखालचं रबर बघा. ते फुटलं असेल तर तेल कव्हरावर पसरतं आणि पॅकिंग गेल्यासारखं वाटतं. मग कव्हराचे नट तपासा, पण हलक्या हातानं. 'जरा अजून आवळूया' या हौसेपोटी कव्हराची पत्र्याची कड वाकते, आणि वाकलेल्या कडेखाली नवं पॅकिंगही बसत नाही. हा नट मनगटानं घट्ट करायचा, खांद्याच्या जोरानं नाही.

पॅकिंग बदलायचं तर जुनं सोलताना कण आत पडू देऊ नका. हेडची कड ॲल्युमिनियमची आहे, स्क्रूड्रायव्हरनं खरवडलीत तर चर पडतो आणि तिथून कायमची गळती. लाकडी पट्टीनं काढा. दोन्ही कडा कोरड्या पुसा, मधल्या नटापासून बाहेरच्याकडे थोडं थोडं आवळा. सिलिकॉनचा गोंद सगळीकडे फासू नका. जास्तीचा गोंद आत तुटून तेलाच्या गाळणीत जातो.

ब्रीदर पाइप

जुन्या गाड्यांत हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. तो बाहेर पडायला कव्हरापासून एअर फिल्टरकडे एक जाड रबरी नळी जाते, आणि बऱ्याच गाड्यांत एक छोटा एकमार्गी वाल्व असतो. वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीनं ही वाट बुजली की आतला दाब वाढतो आणि जिथं कमजोर सील सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही ती सील बदलली की पुढची गळायला लागते. 'या गाडीची गळती थांबतच नाही' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना फक्त नळी साफ करायची असते.

तपास सोपा. इंजिन चालू, रेस नाही. तेलाचं झाकण काढून त्या तोंडावर वहीच्या पानाचा तुकडा धरा. कागद हलका आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. फडफडून वर उडाला आणि तोंडातून धुराचे झोत येत असतील तर आत दाब आहे. ओढणी, बाह्या, केस बेल्टांपासून दूर ठेवा.

इंजिन बंद करून नळी काढा, तोंडानं फुंकून बघा, आतली काजळी धुऊन काढा. वाल्व कानाशी हलवला की खुळखुळ वाजायला हवा. वाजत नसेल तर बदला. नळीला भेगा असतील तर तीही. हे सगळं साफ करूनही कागद उडतोच, शिवाय मागून निळा धूर निघतो, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथं थांबा आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. त्याआधी कुठलीच सील बदलू नका, पैसे वाया जातात.

डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप

काकांच्या गाडीची जागा. गेअरबॉक्सवर तेल दिसलं की मी सरळ इथं बोट फिरवते. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर हेडला जिथं टेकतो, तिथं खालच्या बाजूनं बोट न्या, कारण वरून ती जागा दिसत नाही. छोटा आरसा असेल तर उत्तम. बोट ओलं आलं, आणि धुतल्यावर, पावडर लावल्यावर पुन्हा ओलं आलं, तर ओ-रिंग बदलायची. शेजारच्या पेट्रोल पंपाचं पॅकिंगही त्याच फेरीत बघा.

ओ-रिंग स्वस्त आहे, पण डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुंध्यावर आणि हेडवर जुळणारी एक बारीक खूण करून घ्या. खूण न करता काढला तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलतं, गाडी सुरू व्हायला कुरकुरते, चढावर दम टाकते. आणि परत बसवल्यावरही टायमिंग लाइटनं तपासावंच लागतं. तो तुमच्याकडे नसेल तर हे काम मेकॅनिकला द्या. फक्त काय बदलायचं ते तुम्ही सांगा.

स्विच, फिल्टर, ड्रेन नट

तेलाच्या दाबाचा स्विच लहान असतो आणि त्याच्यावर एकच वायर असते. वायरीची टोपी काढून बघा. आत तेल असेल तर स्विचमधूनच गळतंय. इथं इंजिन चालू असताना दाबानं तेल येतं, म्हणून उभ्या गाडीखाली डाग छोटा आणि रस्त्यावर नुकसान मोठं. लगेच बदला.

सर्व्हिसिंगनंतर एका दिवसात धो-धो गळती सुरू झाली तर तेलाचा फिल्टर. जुन्या फिल्टरचं रबरी कडं ब्लॉकला चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर चढवला जातो, आणि दोन कडी एकावर एक टिकत नाहीत. गाडी चालवू नका. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला बोटानं तेल लावा, रबर टेकल्यानंतर हातानं पाऊण फेरा. पाना नको.

ड्रेन नटखालचा वॉशर दर तेलबदलाला नवा घाला. नट फिरतच राहतोय असं वाटलं तर आटे गेले आहेत. जोर लावू नका.

चेंबरचं पॅकिंग

इथं गाडीखाली जावं लागतं, म्हणून मी बहुतेकांना इथंच थांबवते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, 'दोन मिनिटांचं काम' असलं तरीही. सपाट पक्की जमीन, दोन दणकट घोड्या (जॅक स्टँड), मागच्या चाकांना अडसर, हँडब्रेक. विटांवर गाडी टेकवू नका, वीट इशारा न देता फुटते. एवढी तयारी नसेल तर रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि समोर उभं राहून बघा. चेंबरला गतिरोधकाचा मार बसून पोचा आला असेल तर तेही तिथं दिसेल.

इथून पुढं घरी नाही

टायमिंग बेल्टच्या बाजूनं तेल येत असेल तर कॅमची (वाल्व उघडणाऱ्या दांड्याची) किंवा क्रँकची पुढची सील. तेल लागलेला बेल्ट फुगतो, घसरतो, तुटतो. गाडी फार चालवू नका. सील बदलताना बेल्टही नवाच घाला, मजुरी एकच लागते. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून गळत असेल तर हेड गॅस्केट, तेही मेकॅनिकचंच काम. वरचं सगळं कोरडं करूनही गेअरबॉक्सच्या जोडातून थेंब येत असेल आणि क्लचही घसरत असेल, तर मागच्या सीलवर संशय घ्यायला हरकत नाही. आता गेअरबॉक्स उतरवू द्या.

एक गोष्ट मात्र ठरवून ठेवा : प्रत्येक ओल म्हणजे आजार नव्हे. सांध्याभोवती धूळ चिकटून काळपट झालंय, पण थेंब पडत नाही आणि डिपस्टिक जागची हलत नाही, तर त्या वयाच्या इंजिनाला तेवढं राहू द्या. थेंब पडतो, तेव्हा हात घाला.

गळती थांबवायची म्हणून तेलात घालायच्या बाटल्या मिळतात. त्यांनी रबर फुगतं, काही दिवस कोरडं वाटतं, आणि पुढचा तपास अवघड होतो. मी घालत नाही. तेल फार दाट करण्यालाही माझा विरोध आहे. आमच्याकडे २०डब्ल्यू-४० चालतं. त्याहून जाड तेल जानेवारीच्या थंड सकाळी वरच्या भागात पोचायला वेळ लावतं.

काढलेलं तेल नाल्यात ओतू नका, आमच्या इंदूरचा नाला शेवटी कान्ह नदीलाच मिळतो. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते जुनं तेल घेणाऱ्यांकडे जातं. तेलकट चिंध्या इंदूरच्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात टाका.

मेकॅनिककडे जाल तेव्हा पावडरीवरच्या रेघेचे फोटो दाखवा, आणि काढलेली जुनी सील किंवा ओ-रिंग हातात मागून घ्या. तिची कड नखानं दाबा. चांगल्या रबरात नख रुततं आणि खूण लगेच भरून येते. खराब झालेलं टणक लागतं, वाकवलं की चिरतं. हातात आलेली सील मऊ, लवचीक असेल तर पैसे देण्याआधी पावडर लावून अजून एक फेरी मारा.